कामाचा ताण आणि कर्मचाऱ्यांची गटचर्चा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामाच्या ताणावर कर्मचाऱ्यांच्या गटचर्चा घ्यायचं ठरलं की व्यवस्थापनाकडून, युनियनच्या पदाधिकाऱ्यांकडून आणि चर्चेला बसणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून काही प्रश्न हमखास येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांमागची भूमिका एकच आहे. ही चर्चा कामाची मांडणी सुधारण्यासाठी घ्यायची असते. तेवढी तयारी नसेल तर माणसांना बोलतं करू नये.

फोकस ग्रुप म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे दर सोमवारी मीटिंग होतेच की.

साधारण सारखंच काम करणाऱ्या सहा ते दहा जणांना तासदीड तास एकत्र बसवायचं. त्यांच्या कामात ताण कुठून येतो यावर ठरवून बोलायचं आणि तो कमी कसा करता येईल हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं. एक जण चर्चा पुढे नेतो, दुसरा नोंदी घेतो. सोमवारच्या मीटिंगमध्ये काम किती झालं याचा हिशोब होतो आणि समोर साहेब असतात, त्यामुळे तिथे कोणी मनातलं बोलत नाही. गटचर्चेत हिशोब नसतो आणि साहेबही नसतात. समुपदेशनाशीही तिची गल्लत करू नका. तिथे एका माणसाच्या मनाचा विचार होतो, इथे सगळ्यांच्या कामाचा.

ही पद्धत आली कुठून?

गटाला ठरावीक विषयावर बोलतं करून माहिती मिळवण्याचं तंत्र १९४० च्या दशकात अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवलं. रेडिओचे कार्यक्रम ऐकणाऱ्यांवर काय परिणाम होतो, हे त्यांना शोधायचं होतं. पुढे ते जाहिरात आणि बाजार संशोधनात गेलं. कामाच्या ताणासाठी त्याचा पद्धतशीर वापर ब्रिटनमध्ये झाला. तिथल्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी संस्थेने २००४ साली ताणाच्या व्यवस्थापनाचे निकष जाहीर केले. आधी सर्वेक्षण करा, मग निकाल घेऊन कर्मचाऱ्यांच्या गटांशी बोला आणि त्यातूनच उपाय काढा, असा त्यांचा आराखडा आहे. जर्मनीत १९८० च्या दशकापासून कारखान्यांमध्ये 'आरोग्य मंडळं' चालतात. तिथेही कामगारच आपल्या कामातल्या त्रासाची यादी करतात आणि उपाय सुचवतात.

थोडा ताण हवाच ना? त्याशिवाय माणूस काम कसं करेल?

हा प्रश्न बहुतेक वेळा मालक किंवा वरिष्ठ विचारतात. ब्रिटनच्या या संस्थेने दबाव आणि ताण यांत फरक केला आहे. कामाचा दबाव माणसाला पेलवत असेल तर तो हुरूप देतो. दबाव किंवा अपेक्षा पेलण्यापलीकडे गेल्या की माणसावर त्याची जी वाईट प्रतिक्रिया होते, तिला ताण म्हणायचं. त्यामुळे थोडा ताण हवा, हे म्हणणं मुळातच टिकत नाही.

रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार इथे फार उपयोगी पडतो. काम भरपूर आहे, पण ते कसं आणि केव्हा करायचं हे ठरवायला थोडी मोकळीक आहे, असा माणूस तग धरतो. काम भरपूर आणि स्वतःच्या हातात काहीच नाही, अशा माणसाची सर्वांत जास्त झीज होते. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली जो मोठा अभ्यास चालला, त्यातही कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. ताण म्हणजे बड्या साहेबांचं दुखणं, ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी लागते. शिपाई, काउंटरवरचा कारकून, लाइनवरचा ऑपरेटर यांच्याशी आधी बोला.

आम्ही ऑनलाइन सर्व्हे केलाय. मग पुन्हा गट कशाला?

ब्रिटनच्या पद्धतीतली प्रश्नावली ३५ प्रश्नांची आहे आणि ती चांगली आहे. पण सर्व्हे तुम्हाला फक्त जागा दाखवतो. 'पॅकिंग विभागात कामावरचा ताबा कमी' एवढं कळतं. का कमी, हे कळत नाही. गटाशी बोलल्यावर कळतं की सकाळी प्लॅन येतो, अकरा वाजता तो बदलतो, दुपारी पुन्हा बदलतो आणि प्रत्येक वेळी मशिनची सेटिंग नव्याने करावी लागते. त्यात गेलेला वेळ कुठल्याच रिपोर्टमध्ये धरला जात नाही आणि संध्याकाळी आकडा कमी का म्हणून बोलणी खावी लागतात. हे सगळं 'अंशतः सहमत' या पर्यायात कसं मावणार?

उलट बाजूही आहे. नुसती चर्चा घेतली तर ठासून बोलणाऱ्या दोघांचं म्हणणं सगळ्यांच्या नावावर खपतं. म्हणून दोन्ही करा. सर्व्हेबरोबर रजेच्या नोंदी, नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, ओव्हरटाइमचे तास हेही समोर ठेवा.

चर्चेत विषय कोणते घ्यायचे?

ब्रिटनच्या निकषांमधले सहा विषय पुरतात. कामाचा भार, कामावरचा ताबा, मिळणारा आधार, माणसांमधले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि कामाच्या ठिकाणी होणारे बदल. एका बैठकीत सहाही घेऊ नका. सर्व्हेत जे दोन-तीन ठसठशीत दिसले तेवढेच घ्या.

भूमिकेची स्पष्टता हा विषय वरवर किरकोळ वाटतो म्हणून तो वगळला जातो. तसं करू नका. एका माणसाला दोन साहेब, एक पुण्यातून आणि एक हेड ऑफिसमधून, दोघांची कामं 'आजच' आणि दोघांनाही दुसऱ्याने काय सांगितलंय याचा पत्ता नाही, ही तक्रार आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक ऑफिसात सापडते.

गटात कोणाला घ्यायचं? सुपरवायझर बसले तर चालतील का?

गट एका पातळीचा असावा. सुपरवायझरचा गट वेगळा घ्या, कारण वरून टार्गेट आणि खालून नाराजी असा दुहेरी मार त्यांनाच बसत असतो. पण त्यांच्या हाताखालच्या माणसांबरोबर त्यांना बसवू नका. साहेब कितीही मोकळ्या स्वभावाचे असले तरी अप्रेझलचा फॉर्म तेच भरतात, हे कोणी विसरत नाही.

निवड साहेबांनी करू नये. तसं झालं की 'समजूतदार' माणसंच येतात. यादीतून चिठ्ठ्या टाका किंवा ज्यांना यायचंय त्यांना नावं देऊ द्या. जुने आणि नवे, बायका आणि पुरुष, सगळ्या पाळ्या यांचा मेळ बसतोय ना, तेवढं पाहा. विभागात मोजक्याच बायका असतील तर त्यांचा वेगळा गट घेण्याचा विचार जरूर करा. बाथरूमला जाण्यासाठी लाइन सोडता येत नाही, रात्री उशिरा सुटल्यावर घरी जायला गाडी नाही, या गोष्टी मिश्र गटात सहसा निघत नाहीत.

चर्चा कोणी घ्यायची? बाहेरचा माणूस आणणं परवडत नाही.

बाहेरचाच हवा असं नाही. त्या विभागाशी ज्याचा रोजचा संबंध नाही आणि ज्याच्या हातात कोणाची बढती किंवा पगारवाढ नाही, असा कोणीही चालेल. दुसऱ्या युनिटमधला माणूस, वेल्फेअर ऑफिसर, कंपनीचे डॉक्टर, युनियन आणि व्यवस्थापन दोघांनाही मान्य असलेला एखादा ज्येष्ठ सहकारी. एच.आर.च्या माणसाने घ्यावी का? तुमच्याकडे एच.आर.वर लोकांचा विश्वास असेल तर घ्यावी. तो आहे की नाही हे तुम्हाला आतून माहीत असतंच.

त्या माणसाला एक गोष्ट मात्र जमलीच पाहिजे. व्यवस्थापनाची बाजू मांडायचा मोह आवरणं. 'अहो, पण कंपनीची पण अडचण समजून घ्या' हे एक वाक्य तोंडून गेलं की पुढचा तास वाया जातो.

प्रश्न कसे विचारायचे? 'तुम्हाला ताण आहे का' असं विचारलं की सगळे 'हो' म्हणतात आणि तिथेच थांबतात.

कारण तो प्रश्न फार मोठा आहे. काल काय झालं ते विचारा.

एका खासगी रुग्णालयातल्या सिस्टर्सच्या गटाचं उदाहरण देते. पहिली वीस मिनिटं 'स्टाफ कमी आहे' या एकाच वाक्याभोवती गेली. ते खरंच होतं, पण पुढे जायला वाट नव्हती. मग एकीला विचारलं, "काल तुमची दुपारची ड्युटी होती ना? दोन वाजता वॉर्डात आल्यापासून अडीचपर्यंत काय काय झालं, जरा सांगा."

त्या सांगू लागल्या. दोन वाजता ओव्हर घ्यायचा, म्हणजे सकाळच्या सिस्टरकडून एकेका पेशंटची माहिती बेडजवळ उभं राहून घ्यायची. नेमक्या त्याच वेळी सकाळच्या डिस्चार्जची बिलं तयार होतात, त्यामुळे नातेवाईक काउंटरवर गर्दी करतात. उरलेली औषधं फार्मसीला परत करायची, त्याची यादी सिस्टरनेच करायची. इन्शुरन्सच्या डेस्कवरून फोन, 'फाइल पाठवा'. फोन उचलायला ओव्हर देणारीच धावते. परत येते तेव्हा चौथ्या बेडपर्यंत आलो होतो की पाचव्या, हे दोघींनाही आठवत नाही. त्यावर शेजारी बसलेली, तोवर गप्प असलेली एक तरुण सिस्टर म्हणाली, "मी घरी जाताना बसमधून वॉर्डात फोन करते. नऊ नंबरच्या आजींचं इन्सुलिन सांगितलं की नाही, ते आठवत नसतं म्हणून." आणि मग खोलीतल्या प्रत्येकीने सांगितलं की आपणही असाच फोन करतो.

'स्टाफ कमी' या वाक्याच्या आत हे अर्ध्या तासाचं प्रकरण दडलेलं होतं. उपायही त्यांनीच काढले. दोन ते अडीच डिस्चार्ज द्यायचा नाही, नातेवाईकांना तसं सकाळीच सांगायचं. औषधांची परती एक वाजेपर्यंत संपवायची. त्या अर्ध्या तासात फोन वॉर्ड सेक्रेटरीने घ्यायचा आणि तातडीचं नसेल तर निरोप लिहून ठेवायचा. स्टाफ वाढवण्याची मागणी कायम राहिली, ती राहायलाच हवी होती. पण या तीन गोष्टींना पैसे लागले नाहीत आणि त्या लगेच सुरू करता आल्या.

म्हणून चांगले प्रश्न असे असतात: आठवड्यातला कोणता दिवस नकोसा वाटतो? कोणतं काम दोनदा करावं लागतं? घरी गेल्यावर ऑफिसातली कोणती गोष्ट डोक्यात घोळत राहते? मागच्या महिन्यात एखादा दिवस बरा गेला असेल, तर त्या दिवशी काय वेगळं होतं? शेवटचा प्रश्न विसरू नका. उपायाचा धागा पुष्कळदा त्यातूनच हाती लागतो.

कोणी बोललंच नाही तर?

सुरुवातीला बोलत नाहीतच. 'चालायचंच', 'कुठे नसतो ताण', 'बोलून काय होणार' ही वाक्यं ऐकायची तयारी ठेवा. त्यांच्यामागे आधीचा अनुभव असतो. कधीतरी कोणी बोललं होतं आणि त्याची बदली झाली होती. अशा वेळी सगळ्यांना दोन-दोन कोऱ्या चिठ्ठ्या द्या, नाव न घालता एकेक त्रास लिहायला सांगा, गोळा करून मिसळा आणि वाचून दाखवा. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणूस मोकळा होतो. आणि चहा सुरुवातीलाच द्या, शेवटी नको.

इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, याची खात्री काय?

शंभर टक्के खात्री कोणीच देऊ शकत नाही, तेव्हा ती देऊ नका. जे पाळता येईल तेवढंच सांगा. नोंदींमध्ये कोणाचं नाव नसेल. मोबाइलवर रेकॉर्डिंग होणार नाही. अहवाल आधी गटाला वाचून दाखवला जाईल आणि ज्या वाक्यावरून माणूस ओळखू येतो ते वाक्य त्यांच्या सांगण्यावरून काढलं जाईल. 'टेस्टिंगमधल्या एका महिला कर्मचाऱ्याने सांगितलं' असं लिहिलं आणि टेस्टिंगमध्ये एकच बाई असेल, तर नाव न लिहून काय उपयोग?

गटातल्या प्रत्येकाकडूनही शब्द घ्या: बाहेर विषयांवर बोलू, पण कोण काय म्हणालं ते सांगणार नाही. हा नियम बैठकीच्या सुरुवातीला मोठ्याने म्हणा आणि संपताना पुन्हा म्हणा.

चर्चेत कोणी रडू लागलं, किंवा जगणं नकोसं झालंय असं काही बोललं तर?

थांबा. विषय पुढे रेटू नका. त्यांना बाहेर जायचं असेल तर नोंदी घेणाऱ्याने सोबत जावं. एकटं सोडू नये. कंपनीचे डॉक्टर किंवा समुपदेशक कोण आणि ते त्या वेळी कुठे असतील, हे चर्चेच्या आधीच माहीत करून घ्या. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा नंबर १४४१६. ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर प्रत्येक बैठकीत फळ्यावर लिहून ठेवा, कोणाला गरज असो वा नसो. संध्याकाळी त्या व्यक्तीला एक फोन करून विचारपूस करा. जिवाला धोका आहे असं वाटलं तर गोपनीयतेचा नियम बाजूला ठेवून मदत बोलवायची, हेही सुरुवातीलाच सांगून ठेवावं.

एखाद्या साहेबाविरुद्ध छळाची तक्रार निघाली तर?

गटात त्या तक्रारीची शहानिशा करायची नाही. ती जागा ती नव्हे आणि तो साहेब बाजू मांडायला तिथे नाही. लैंगिक छळाचा मुद्दा असेल तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तक्रार तिथे कशी करायची हे त्या व्यक्तीला एकांतात सांगा, सोबत लागली तर द्या. बाकीच्या तक्रारींसाठी गाऱ्हाणी मांडण्याची रीतसर वाट दाखवा. पण एकाच साहेबाच्या विभागातून दोन-तीन गट तेच सांगत असतील तर ते 'वैयक्तिक मतभेद' म्हणून गुंडाळून ठेवू नका. अहवालात ते यायलाच हवं.

कंत्राटी कामगार, रात्रपाळीवाले, घरून काम करणारे यांचं काय?

यांनाच आधी घ्या, कारण नेमके हेच राहून जातात. कंत्राटी कामगार 'आमचे नाहीत' म्हणून त्यांना वगळलं तर सर्वांत ताणाचं काम करणारे बाहेर राहतात. एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्यात गाड्या भरणारे, साफसफाई करणारे, गेटवरचे सुरक्षारक्षक बहुधा कंत्राटावरच असतात. ठेकेदाराशी आधी बोलून घ्या आणि चर्चेचा वेळ हजेरीत धरला जाईल, हे त्यांच्यासमोर स्पष्ट करा.

रात्रपाळीच्या लोकांना सकाळी थांबवून चर्चा घेणं हा अन्याय आहे. पाळी सुरू होण्यापूर्वी किंवा पाळीतच वेळ काढा. घरून काम करणाऱ्यांशी ऑनलाइन बोलता येईल, पण गट लहान ठेवा, पाच-सहा जणांचा. कॅमेरा लावायची सक्ती नको. त्यांच्याकडून एक गोष्ट हमखास निघते: रात्री अकराला आलेला व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज. खोलात गेलं की समजतं, खरा जाच मेसेजचा नसतो. उत्तर लगेच अपेक्षित आहे की सकाळी चालेल, हे कळत नाही त्याचा असतो. एका टीमने साधा नियम केला: तातडीचं असेल तर फोन, मेसेज असेल तर सकाळी.

युनियनला वाटतं की हे त्यांना वळसा घालण्यासाठी चाललंय.

तसं झालेलं आहे, म्हणून शंका रास्त आहे. सुरुवातीपासून युनियनला सोबत घ्या. गट कसे निवडायचे आणि अहवाल कोणाकडे जाईल हे एकत्र ठरवा. नव्या औद्योगिक संबंध संहितेत १०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेसाठी कार्यसमितीची आणि २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. गटचर्चा त्यांची जागा घेऊ शकत नाही. पगार, कामाचे तास, भरती हे वाटाघाटीचे विषय आहेत. गटात ते निघाले तर लिहून घ्या आणि योग्य टेबलावर पाठवा.

भारतात हे कायद्याने सक्तीचं आहे का?

नाही. ब्रिटनमध्ये १९७४ चा कायदा आणि १९९९ चे नियम यांच्यामुळे इतर धोक्यांसारखंच ताणाच्या धोक्याचंही मूल्यमापन करणं मालकाला बंधनकारक आहे. पाच किंवा अधिक कर्मचारी असतील तर ते लिहूनही ठेवावं लागतं. जपानने डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी दरवर्षी ताणाची तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याची जबाबदारी तिने मालकावर टाकली आहे, पण मानसिक ताणाचं मूल्यमापन करा, असं स्पष्ट शब्दांत सांगितलेलं नाही.

ज्यांना प्रमाणित चौकट हवी त्यांच्यासाठी आयएसओ ४५००३ हे २०२१ चं आंतरराष्ट्रीय मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही कर्मचाऱ्यांना सामील करून कामाच्या परिस्थितीत बदल करण्याची शिफारस आहे. नैराश्य आणि चिंतेमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा त्या संघटनेचा अंदाज आहे. एकट्या ग्रेट ब्रिटनमध्ये २०२३-२४ या वर्षात कामामुळे आलेला ताण, नैराश्य किंवा चिंता यांनी ७ लाख ७६ हजार कामगार त्रस्त होते. सक्तीची वाट पाहणाऱ्यांनी या आकड्यांकडे पाहावं.

चर्चा झाली. आता पुढे काय करायचं?

सगळं काम इथेच आहे आणि बहुतेक ठिकाणी ते इथेच अडतं.

पहिल्या आठवड्यात गटाला नोंदी दाखवा. दुसऱ्या आठवड्यात ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांच्यासमोर त्या मांडा, शक्य असेल तर गटातल्या एक-दोघांना सोबत घेऊन. प्रत्येक मुद्द्यासमोर तीनपैकी एक गोष्ट लिहून घ्या: करतो, अमुक तारखेपर्यंत, अमुक माणूस. किंवा, पाहावं लागेल, उत्तर अमुक तारखेला. किंवा, होणार नाही, कारण हे. 'विचाराधीन आहे' हा चौथा पर्याय ठेवू नका. मग हा कागद नोटीस बोर्डावर लावा, विभागातल्या सगळ्यांना दिसेल असा.

निदान एक गोष्ट पंधरा दिवसांत झालेली दिसली पाहिजे. छोटी असली तरी चालेल. ड्युटी चार्ट शनिवारी संध्याकाळी लागण्याऐवजी आठवडाभर आधी लागला, एवढ्यानेही घरच्या डॉक्टरच्या वेळा, मुलांच्या शाळेतल्या पालकसभा जमवता येतात.

दिलेला शब्द मागे घेणं किती महागात पडतं याचं एक उदाहरण ब्रिटिश न्यायालयात आहे. नॉर्थम्बरलँड काउंटी परिषदेतल्या एका समाजसेवा अधिकाऱ्याला कामाच्या बोज्यामुळे मानसिक आजार झाला. बरं होऊन तो परतला तेव्हा त्याला मदतनीस देण्यात आला, पण ती मदत थोड्याच काळात काढून घेतली गेली. त्याला पुन्हा तोच आजार झाला आणि त्याची नोकरी गेली. १९९४ च्या निकालात न्यायालयाने परिषदेला जबाबदार धरलं. पहिल्यांदा तो आजारी पडेल हे परिषदेला ओळखता आलं नसेल, पण दुसऱ्यांदा ते समोर दिसत होतं, हा त्या निकालाचा गाभा. गटचर्चेनंतर तुमचीही स्थिती तीच असते. त्रास काय आहे ते आता तुम्हाला माहीत आहे.

लोक पगार आणि माणसं वाढवा एवढंच म्हणतात. ते शक्य नाही. मग चर्चेचा उपयोग काय?

आधी तपासा की खरंच शक्य नाही का. माणसं कमी असतील तर ती कमीच आहेत, योग्य शब्दांत मांडून तो भार हलका होत नाही. मान्य करा, वरपर्यंत पोचवा. त्यासोबत विचारा: माणसं येईपर्यंत कोणतं काम थांबवता येईल? एकच माहिती तीन एक्सेल शीटमध्ये भरायची, कोणी न वाचणारे रोजचे रिपोर्ट पाठवायचे, अशी कामं प्रत्येक ऑफिसात असतात. ती बंद करायचा अधिकार साहेबांकडे असतो आणि त्याला बजेट लागत नाही.

योगाचं सत्र, ध्यानाचं अ‍ॅप, सहल हे उपाय नाही का चालणार?

चालतील, पण दुय्यम म्हणून. योगाने माणसाला बरं वाटतं, यात शंका नाही. पण सकाळी आठचा योग संपवून माणूस त्याच अशक्य टार्गेटपाशी परत जाणार असेल, तर दोष त्याच्या सहनशक्तीचा ठरतो. शनिवारी सुट्टीच्या दिवशी 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चं शिबिर ठेवून हजेरी घेणाऱ्या कंपन्या आहेत. तसं कृपया करू नका.

आम्ही बाराच जण आहोत. आमच्याकडे हे कसं जमणार?

सर्व्हेची गरज नाही, नाव लपणारच नाही. सहा विषय कागदावर लिहून घ्या आणि मालकाने एकेकाशी किंवा दोघा-तिघांशी अर्धा तास शांतपणे बोलावं. लहान ठिकाणी फायदा असा की निर्णय घेणारा समोरच असतो. अट एकच, ऐकताना त्याने खुलासे देत बसू नये.

फरक पडला हे कसं ओळखायचं?

तीन-चार महिन्यांनी तोच गट पुन्हा बोलवा, अर्ध्या तासासाठी. नोटीस बोर्डावरचा कागद समोर ठेवा आणि एकेका मुद्द्यावर विचारा. सर्व्हे वर्षाने पुन्हा करा. आजारपणाच्या रजा, राजीनामे, ओव्हरटाइम यांचे आकडे पाहा, पण ते सावकाश हलतात. सुरुवातीला तक्रारी वाढलेल्या दिसल्या तर घाबरू नका. लोकांना बोलायचा धीर आलाय, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

गटचर्चा केव्हा घेऊ नये?

माणसं कमी करण्याची यादी तयार असताना घेऊ नये. अप्रेझलच्या तोंडावर घेऊ नये. मागच्या वेळच्या चर्चेतलं काहीच झालं नसेल, तर आधी ते करा किंवा का झालं नाही ते सांगा, मगच नवी बोलवा. नुकतीच एखाद्या सहकाऱ्याने आत्महत्या केली असेल, तर त्या वेळी माणसांना आधाराची गरज असते. प्रशिक्षित समुपदेशक बोलवा, चर्चा नंतर. आणि वरिष्ठांनी 'अहवाल हवा, पण खर्च किंवा बदल होणार नाही' असं सांगितलं असेल, तर नम्रपणे नाही म्हणा.

मी साधी कर्मचारी आहे. मला गटात बोलावलंय. काय तयारी करू?

आठवडाभर एक छोटी वही जवळ ठेवा. ज्या क्षणी वैताग आला, छातीत धडधडलं किंवा घरी येऊन मुलांवर चिडलात, तेव्हा त्याआधी कामावर काय घडलं होतं ते दोन ओळींत लिहा. दिवस आणि वेळ लिहा, माणसाचं नाव लिहिलं नाही तरी चालेल. विभागातल्या ज्या मैत्रिणींना बोलावलेलं नाही, त्यांनाही विचारा की माझ्याकडून काय सांगू. चर्चेत आजाराची, औषधांची किंवा घरची माहिती देण्याची तुमच्यावर कोणतीही सक्ती नाही, कोणी विचारलं तर 'ते राहू द्या' म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आणि उठण्याआधी चर्चा घेणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: या नोंदी कोणाकडे जाणार, आणि आम्हाला उत्तर कोणत्या तारखेला मिळणार. तारीख वहीत लिहून घ्या.